इंटरनेटचा सांडवा

हर्षला वहिनीला तिच्या कंपनीने दोन पर्याय दिले होते. एक, पहिल्या तारखेपासून ऐरोलीच्या ऑफिसात रोज हजर व्हायचं. दोन, घरून काम करायचं, पण त्याआधी घरचं इंटरनेट तपासून द्यायचं. शनिवारी अकरा ते बारा कंपनीचा माणूस तिकडून तिच्या लॅपटॉपवर नजर ठेवणार. लाइन वायरचीच पाहिजे, वायफाय चालणार नाही. त्या तासात ती दोनदा तुटली तर पर्याय एक.

वहिनीची मुलगी समिधा नऊ महिन्यांची आहे. आमचं गाव कर्जतच्या पुढे, कशेळे रस्त्याला. तिथून ऐरोलीला जाऊन यायचं म्हणजे समिधा उठायच्या आत निघायचं आणि ती झोपल्यावर परत यायचं. "मग मी तिला झोपलेलीच ओळखेन," असं वहिनी म्हणाली. रडून वगैरे नाही. भांडी घासता घासता म्हणाली, आणि पुढचं पातेलं घेतलं.

अडचण अशी की तिच्या घरी इंटरनेटच नव्हतं.

आमची तीन घरं एका रांगेत आहेत. रस्त्याला लागून आमचं, मध्ये ठकूआत्याचं आणि शेवटी, भातखाचरांच्या तोंडाशी, श्रीपतकाकांचं. हर्षला वहिनी काकांची सून. काकांचा मुलगा योगेंद्र कुंभिवलीच्या कारखान्यात आहे आणि शिफ्टमुळे तो आम्हाला सणांसारखा, अधूनमधून दिसतो. ब्रॉडबँडवाला येऊन आमच्या घराला वायर देऊन गेला. पुढे खांब नाही, खांब आला की कळवतो, असं म्हणाला. त्यालाही आता चार महिने झाले.

त्यामुळे एका घरातलं इंटरनेट तीन घरांत फिरवायचं काम माझ्याकडे आलं. मी कर्जतच्या कॉलेजात आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षाला आहे म्हटलं की लोक पहिलं वर्ष पूर्ण झालं असं धरून चालतात. माझा नेटवर्किंगचा पेपर अजून राहिलाय. कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही.

बेत साधा होता. आमच्या राउटरपासून आत्याच्या घरापर्यंत चाळीस मीटर वायर. तिथे एक स्विच, म्हणजे पाच भोकांची डबी. एका भोकातून वायर आत येते, बाकीच्यांतून हव्या त्या कॉम्प्युटरला जाते. तिथून काकांच्या घरापर्यंत साठ मीटर, आणि तिथे दुसरा स्विच. वायर लागणार होती शंभर मीटर. आत्याने आख्खा तीनशे मीटरचा खोका आणायला लावला, उरली तर कपडे वाळत घालू म्हणाली.

श्रीपतकाका तीस वर्षं कालव्यावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याच्या कडेने चालत जाऊन कुणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं ते बघणारा माणूस. आमच्याकडे उन्हाळ्यातही भात होतो तो या पाण्यावर. काकांना रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण कुठे पाणी वाहतंय असं नुसतं कानावर आलं तरी ते चप्पल शोधायला लागतात.

मी त्यांना बेत समजावला. आमच्या सरांना जे एका सेमिस्टरमध्ये आमच्या डोक्यात घालता आलं नाही ते काकांच्या डोक्यात दहा मिनिटांत गेलं. रस्त्यावरून येते ती मुख्य लाइन हा कालवा, राउटर हे वरचं मोठं दार आणि स्विच ही खालची छोटी दारं.

"किती सुटतंय?" त्यांनी विचारलं.

मी शंभर एमबीपीएस सांगितलं.

"आनि शेवटाला किती पोचतंय?"

तेवढंच, मी म्हणालो. काकांनी माझ्याकडे पाहिलं. वरच्या अंगाचा शेतकरी, मी थेंबसुद्धा जास्त घेतला नाय असं सांगतो तेव्हा पाटकरी त्याच्याकडे असं पाहत असणार.

मग त्यांनी शेजपाळी लावली. शेजपाळी म्हणजे पाणी कुणाला कोणत्या वारी किती वाजेपर्यंत मिळणार याचा तक्ता. तो आत्याच्या पडवीत लागला, कारण मधला स्विच तिच्याकडे. सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते संध्याकाळी सात हर्षला. सात ते आठ स्वतः काका. ते कुस्त्या बघतात. आठनंतर मी, अभ्यासासाठी. आत्याला पहाट आणि रविवार. एका वेळी तिघांना वापरता येतं, वाटून जातं, हे मी सांगून पाहिलं. काका म्हणाले, वाटून जातं असं म्हणणाऱ्यांची डोकी फुटलेली त्यांनी पाहिली आहेत.

दुसरा नियम, शेवटापासून सुरुवात. शेवटच्या शेताला पाणी पोचल्याशिवाय मधल्याने दार उघडायचं नाही, नाहीतर शेवटच्याला कधीच मिळत नाही. पाण्याच्या बाबतीत हे बरोबरच आहे. त्यामुळे पहिले दोन दिवस इंटरनेट आत्याच्या घरात शिरून, तिथे न थांबता काकांकडे जात होतं.

"माज्या पडवीतनं जातंय, माज्या खिळ्यावर लटकलंय आनि मलाच नाय?" आत्या म्हणाली.

"वरच्यानी असंच बोलायचं असतं," काका म्हणाले. "बोल. बोलायला बंदी नाय."

आत्याची गरज वेगळी होती. तिची मुलगी मैना नेरळला असते. मैनाने आपला जुना लॅपटॉप आत्याला दिला होता आणि आत्या सकाळी आठला व्हिडिओ कॉल लावायची तो संध्याकाळी बंद करायची. मधल्या वेळात कुणी बोलायचं नाही. तिकडे मैना स्वयंपाक करायची, इकडे आत्या तांदूळ निवडायची. दोन-तीन तासांनी आत्या म्हणायची, गॅस बारीक कर गं. नेरळला गॅस बारीक व्हायचा. आत्याच्या मते हा कॉल नव्हताच, खिडकी होती, आणि खिडकीला पाळी कसली. शेवटी तिसऱ्या दिवशी काकांनी तिला खिडकी मंजूर केली, पण शनिवारच्या परीक्षेच्या तासाला ती बंद राहील या अटीवर.

वायरीच्या टोकाला प्लास्टिकचा खडा दाबून बसवावा लागतो. आत आठ बारीक तारा असतात, रंगांचा क्रम चुकला की सगळं फुकट. हे काम मी काकांना शिकवलं. मी बारा टोकं दाबली, त्यातली सात चालली. काकांनी चार दाबली, चारही चालली. मी गावभर सांगितलं की काका माझ्याकडे शिकतायत.

एकच शंका त्यांची जाईना. शुक्रवारी ते शेवटच्या स्विचसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "हितनं फुडं जातं कुठं?"

कुठेच नाही, मी म्हणालो. लॅपटॉप वापरतो.

"आनि लॅपटॉप मिटला का?"

मग येत नाही.

"वरच्याला कोन सांगतो, आता नको म्हनून?"

हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. दहा मार्कांचा. मी तेव्हा जे केलं तेच आता केलं, विषय बदलला. काका उठले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. ज्या पाटाला शेवटी सांडवा नाही, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर काढून द्यायची वाट नाही, तो पाट तुंबतो आणि रात्रीतून फुटतो, हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं. आणि इथे पाटाच्या शेवटी त्यांची नात रांगत होती.

शनिवारी सकाळी साडेनऊला, मी दात घासत असताना, काकांनी उरलेल्या वायरीतून साठ मीटर तोडली. दोन्ही टोकांना खडे दाबले. एक टोक त्यांनी आपल्या घरातल्या स्विचमध्ये घातलं, वायर कुंपणाच्या मागून उलटी आणली आणि दुसरं टोक आत्याच्या स्विचमध्ये घातलं. हा सांडवा. आज तासभर जोराचं पाणी चालणार, जास्तीचं आलं तर मागच्या मागे निघून जाईल. कुणाला सांगितलं नाही. पाटकरी दार उघडताना दवंडी देत नाही.

आता, दोन स्विचमध्ये दोन वायरी जोडल्या की काय होतं ते मी नंतर पुस्तकात वाचलं. एका वायरीने गेलेला निरोप दुसरीने परत येतो, परत पहिलीने जातो. त्याला थांबवणारा कुणी नसतो. जाताना तो आपल्यासारखे आणखी निरोप सोडत जातो. थोड्या वेळात वायर निरोपांनी इतकी भरते की कामाच्या निरोपाला पाय ठेवायला जागा राहत नाही. पुस्तकात याला वादळ म्हटलंय. बाहेरून फक्त एवढंच दिसतं की स्विचचे सगळे दिवे एकदम, वेड्यासारखे लुकलुकतात. काकांनी ते पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. चांगला जोर आहे म्हणाले, आणि चहाला गेले.

दहा वाजून दहा मिनिटांनी हर्षला वहिनी समिधाला कडेवर घेऊन आमच्या दारात आली.

"रूपेश, गेलं."

मी राउटर बंद करून चालू केला. मग परत. मग तिसऱ्यांदा, कारण तिसऱ्यांदा कधीकधी होतं. झालं नाही. राउटरमधून आत्याकडे जाणारी वायर काढली तर आमच्या घरात छान चालायचं, लावली की सगळंच मरायचं. यावरून मी असा निष्कर्ष काढला की माझं काम बरोबर आहे. तो मी वहिनीला सांगितला. समिधाने माझे केस ओढले.

आत्याकडे गेलो. स्विचमध्ये चार वायरी होत्या. एक येणारी, एक काकांकडे जाणारी, एक आत्याच्या लॅपटॉपची. चौथी बघून मला वाटलं, आत्याने काहीतरी नवीन घेतलं असेल. आत्याने विचारलं, माजी मैना का गेली? परीक्षेचा तास तर अजून लागला नाय. मी म्हणालो, बघतो. मग बघितलं. चौथ्या वायरीकडेही बघितलं. पुन्हा राउटर बंद करायला आमच्या घरी पळालो.

दहा पस्तीसला वहिनी आत्याच्या पडवीत खाली बसली, लॅपटॉप मांडीवर. ऐरोलीला जायचं तर समिधाला कुठलं दूध सुरू करावं, हे तिने आत्याला विचारलं. विचारण्याच्या पद्धतीवरून कळत होतं की तिने ठरवून टाकलंय. आत्याने माझ्याकडे बघितलं. मी स्विच हलवून पाहिला. आतून काही वाजलं नाही.

तेवढ्यात काका आले. त्यांना सांगितलं, पाणी शेवटाला पोचत नाही.

काकांनी माझ्या हातातून स्विच घेतला आणि त्यांचा आवाज बदलला. हा आवाज मी लहानपणी कालव्यावर ऐकला होता. पाणी पोचत नसेल तर सगळी दारं बंद करायची, वरून एकेक उघडत यायचं, आणि जिथे पातळी पडेल तिथे चोर. त्यांनी चारही वायरी उपटल्या.

"रुप्या, वरचं सोड."

मी आमच्याकडून येणारी वायर लावली. एक दिवा, शांत.

"आत्याचं."

आत्याच्या लॅपटॉपवर मैना उगवली. कढईत काहीतरी परतत होती. आई, कुठे गेलीस गं, म्हणाली. आत्या म्हणाली, हितंच हाय, गॅस बारीक कर.

"शेवटचं."

मी काकांकडे जाणारी वायर लावली आणि वहिनीला पिटाळलं. ती लॅपटॉप आणि समिधा दोन्ही घेऊन साठ मीटर पळाली. घरातून तिचा आवाज आला, आलं, आलं. वाजले होते दहा सत्तेचाळीस. हे इथे थांबलं असतं तर सगळं ठीक होतं. पण काकांनी कधी चौकशी अर्धी सोडलेली नाही.

"चौथं."

लावलं. सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. मैना कढईवर हात धरून गोठली. शेवटच्या घरातून वहिनी म्हणाली, गेलं.

"सापडला," काका म्हणाले. समाधानाने. "कुनाचं हाय हे चौथं?"

त्यांनी वायर बोटांत धरली. खडा बघितला. आठही रंग जागच्या जागी, टोक सरळ कापलेलं. असा खडा आमच्या तीन घरांत एकच माणूस दाबतो. काका वायरीकडे बघत राहिले. कुंपणापर्यंत नजरेने गेले आणि परत आले.

"माजं हाय," ते म्हणाले.

मी म्हणालो, हरकत नाही, काढतो. आणि हात पुढे केला. काकांनी माझं मनगट धरलं.

"पंचनाम्याआधी नाय."

मला वाटलं ते गंमत करतायत. पण काका कधी गंमत करत नाहीत. विनापरवाना दार सापडलं की ते आहे तसं ठेवायचं, दोन पंच बोलवायचे, लिहून घ्यायचं, आणि मगच बंद करायचं. नोकरीत असताना एकदाच त्यांनी आधी बंद केलं होतं. तो माणूस पुढे वर मान करून सांगत फिरला की दार नव्हतंच, पाटकऱ्याला भास झाला. तेव्हापासून पुढच्या सगळ्या नोकरीत एकही चोर त्यांनी पंचनाम्याशिवाय सोडला नव्हता. आज स्वतःला सोडलं तर त्या सगळ्यांना काय वाटेल?

मी म्हणालो, काका, दहा पन्नास झालेत.

"वही आन. ठकू, तू एक पंच. गजाला बोलव, दुसरा." गजा म्हणजे माझे वडील. ते वर डोंगराकडे म्हशी घेऊन गेले होते.

आत्या म्हणाली, दादा, सोड रं. काका म्हणाले, पंचाने आरोपीला दादा म्हणायचं नाही.

मी वही आणली. खरंच आणली. माणूस त्या आवाजात सांगतो तेव्हा आपण आणतो. काकांनी तारीख घातली. आज रोजी, लिहिलं. मग वेळ किती ते मला विचारलं, आणि मी दहा त्रेपन्न म्हणताना वहिनी पोचली. पायात चप्पल नव्हती. समिधा कडेवर, कुंपणाचा काटा ओढणीला.

तिला मी चार वाक्यांत सांगितलं. तिने काकांकडे बघितलं. तिचं लग्न होऊन तीन वर्षं झालीत. तीन वर्षांत तिने काकांच्या शब्दापुढे शब्द ठेवलेला मी ऐकला नव्हता. चहात साखर जास्त झाली असं काका म्हणाले तर ती दोन दिवस सगळ्यांनाच कमी घालते.

"आबा," ती म्हणाली, "पंचनामा एक वाजता करू. मी पण सही करीन."

आणि तिने चौथी वायर उपटली. खडा जरा तुटला. तिने समिधाला काकांच्या मांडीत ठेवलं, म्हणजे जवळजवळ दिलंच, आणि मागे न बघता धावत गेली.

दिवे शांत झाले. मैना हलली आणि म्हणाली, भाजी करपली गं आई. आत्याने परीक्षा आहे म्हणून लॅपटॉप मिटला. मी वहिनीमागे धावलो.

दहा अठ्ठावन्नला कंपनीचा माणूस स्क्रीनवर आला. हेडफोन लावलेला, मागे पांढरी भिंत. त्याने तासभर काय केलं मला माहीत नाही. वहिनी बोलत होती, फाइली उघडत होती, तो कागदावर लिहीत होता. मी दरवाज्यात उभा राहून स्विचचा दिवा बघत होतो. अकरा वीसला तो अर्धं मिनिट मंदावला. मी आत्याच्या घराकडे बघितलं. पडवीत काका बसले होते, एका हातात समिधा, दुसरा हात स्विचवर, आणि आमचा कुत्रा त्या वायरीच्या तीन हातांवर आला तरी ते त्याला शुक शुक करत होते. दिवा परत चालू लागला.

बारा वाजून चार मिनिटांनी तो माणूस म्हणाला की लाइन एकदाही तुटली नाही, शहरातल्या लोकांपेक्षा बरी आहे. पत्र सोमवारी येईल, पण घरून काम पक्कं समजा. मग त्याला फॉर्म भरायचा होता. घरचं नेटवर्क कोण सांभाळतं, त्याने विचारलं. वहिनीने दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, बघितलं. मी मान ताठ केली.

"माझे सासरे," ती म्हणाली. "खात्यातून रिटायर्ड आहेत."

कुठलं खातं, ते त्याने विचारलं नाही. फॉर्ममध्ये बहुतेक तेवढी जागा नसावी.

एक वाजता पंचनामा झाला. पंच ठकूबाई आणि रूपेश, कारण म्हशी अजून डोंगरावर होत्या. इसम नामे श्रीपत, वय बासष्ट, धंदा निवृत्त, यांनी विनापरवाना सांडवा काढून सार्वजनिक लाइनीत अडथळा आणल्याचे समक्ष दिसून आले, वगैरे. काकांनी शेवटी शिक्षाही लिहिली. नियमाप्रमाणे पुढच्या दोन पाळ्या रद्द. म्हणजे दोन दिवस कुस्त्या नाहीत.

वही वहिनीकडे सहीला गेली. तिने वाचली. मग काकांच्या सहीची जागा सोडून, वर, तिने एक ओळ वाढवली. पहिल्या तारखेपासून रोज दहा ते एक, समिधा सदर इसमाकडे.

काकांनी चष्मा लावून ते वाचलं. "हे नियमात नाय," ते म्हणाले.

"सांडवापण नव्हता, आबा."

काकांनी विचार केला. मग त्यांनी सही केली, खाली वेळ घातली, आणि वेळ घालताना पेन मांडीतल्या समिधाने घेतलं आणि तोंडात घातलं. ते काढून घेईपर्यंत टोपण गेलं होतं, कुठे ते सांगता येत नाही. आत्याच्या पेनाने मला पंचनाम्यात आणखी एक ओळ लिहावी लागली. निळं पेन एक, टोपणाशिवाय, नातीच्या ताब्यातून जप्त. टोपणाचा शोध चालू आहे.